आजीच्या चिठ्ठीतला सफरचंदाचा क्रम्बल : तळाशी पाणी का साचते आणि वरचा चुरा कच्चट का राहतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आजीच्या हस्ताक्षरातील एका जुन्या चिठ्ठीवर सफरचंदाच्या क्रम्बलची, म्हणजे फळाच्या फोडींवर मैदा, बटर व साखरेचा चुरा घालून ओव्हनमध्ये भाजायच्या गोड पदार्थाची, कृती आहे आणि तिच्यात ‘आठ आंबट सफरचंदे, एक कप साखर, एक कप मैदा, अंड्याएवढे बटर, दालचिनी, चिमूटभर मीठ, मध्यम ओव्हनमध्ये होईपर्यंत’ एवढाच मजकूर आहे. तुम्ही आठ मोठी, लाल सफरचंदे घेतली, सगळी साखर फोडींना लावली, बटर वितळवून मैद्यात मिसळले आणि ते मिश्रण वर दाबून बसवले. परिणामी तळाशी पाणी साचले, वरचा थर माथ्यावर तांबूस पण खालून पिठूळ आणि चिकट राहिला, आणि फळ बेसुमार गोड झाले. चिठ्ठीच्या मागील बाजूस आंबट दूध आणि सोडा घालून करायच्या सफरचंदाच्या केकची कृती आहे, तीत साधे दूध आणि बेकिंग पावडर वापरावी का, हा तुमचा दुसरा प्रश्न आहे.

चिठ्ठीतील प्रमाणात दुरुस्ती करण्याच्या विचारात तुम्ही आहात, तो विचार तूर्त बाजूला ठेवावा, कारण माझ्या मते ही कृती चोख आहे. अशा चिठ्ठ्या ज्याला पदार्थ येतो त्याने स्वतःच्या आठवणीसाठी लिहिलेल्या असतात. त्यांत फक्त विसरण्याजोगी गोष्ट, म्हणजे प्रमाण, नोंदवलेली असते आणि हाताला ठाऊक असलेले सर्व काही वगळलेले असते. सफरचंद कोणते, साखर कुठे किती, बटर थंड की पातळ, हे लिहिण्याची गरज तुमच्या आजींना वाटली नाही. तुमच्या पदार्थातील प्रत्येक दोष या न लिहिलेल्या जागांमधून आलेला आहे, लिहिलेल्या आकड्यांमधून आलेला नाही.

आकडे चोख आहेत असे मी का म्हणतो, ते आधी सांगतो. जुन्या पाककृतींमध्ये ‘अंड्याएवढे बटर’ हे सर्रास आढळणारे माप आहे आणि ते साधारण ५० ते ६० ग्रॅम धरले जाते. ‘अक्रोडाएवढे’ असे लिहिले असेल तर त्याच्या निम्मे किंवा त्याहून थोडे कमी समजावे. एक कप मैदा हलक्या हाताने भरून सपाट केला, तर सुमारे १२५ ग्रॅम भरतो. म्हणजे वजनाने मैदा दोन भाग आणि बटर एक भाग झाले, आणि क्रम्बलच्या चुऱ्याचे हेच रूढ प्रमाण आहे. अंदाजाने लिहिल्यासारखे दिसणारे माप वजनात मांडल्यावर असे नेमके जुळून आले, की त्या कृतीमागे पुष्कळ वेळा केलेला पदार्थ आहे हे ओळखावे आणि तिला हात लावण्याआधी दोनदा विचार करावा.

कपाबद्दल मात्र सावध राहावे लागते. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, आज अनेक देशांत वापरला जाणारा मेट्रिक कप २५० मिलिलिटरचा आणि जुना ब्रिटिश कप १० द्रव औंसांचा, म्हणजे सुमारे २८४ मिलिलिटरचा असतो. चिठ्ठीत चहाचा कप अभिप्रेत असेल, तर तो याहून बराच लहान असू शकतो. चमच्यांचेही तेच आहे, कारण मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा असला तरी ऑस्ट्रेलियात तो २० मिलिलिटरचा असतो. बॉस्टनमधील पाककला शिक्षिका फॅनी फार्मर यांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात कप आणि चमचे काठोकाठ सपाट भरण्याचा आग्रह धरला, आणि ती पद्धत पुढे रुळली. परंतु घराघरांतील चिठ्ठ्या त्यानंतरही शिगोशिग भरलेल्या, घरातल्याच एखाद्या ठरावीक कपाने लिहिल्या जात राहिल्या. सुदैवाने तुमच्या चिठ्ठीत साखर आणि मैदा दोन्ही कपानेच मोजलेले असल्यामुळे कप कोणताही असला, तरी त्या दोघांचे आपसांतील प्रमाण बदलत नाही. अंड्याएवढे बटर तेवढे कपाशी बांधलेले नाही, आणि ते मध्यम कपाशी उत्तम जुळते हे वर पाहिलेच. म्हणून २४० ते २५० मिलिलिटरचा कप धरून पुढे जावे आणि एकदा सगळे ग्रॅममध्ये उतरवून घेतले, की पुन्हा कपाच्या वाटेला जाऊ नये. कप पिशवीत खुपसून भरला तर त्यात दीडशे ग्रॅमपर्यंत मैदा मावतो, आणि एवढ्या फरकाने चुरा कोरडा पडतो.

आता ‘आठ सफरचंदे’ या शब्दांकडे वळतो, कारण तळाशी साचलेल्या पाण्याचे पहिले कारण तिथे आहे. आज सहज मिळणारे मोठे सफरचंद २२० ग्रॅमच्या आसपास असते, तर लहान सफरचंद १२० ते १३० ग्रॅमचे. लहान आठ फळांचे वजन सुमारे एक किलो होते आणि साल व गाभा काढल्यावर ७५० ते ८०० ग्रॅम फोडी उरतात. मोठ्या आठ फळांचे वजन पावणेदोन किलोंच्या घरात जाते आणि फोडी १,३०० ते १,४०० ग्रॅम भरतात. सफरचंदात वजनाच्या सुमारे ८५ टक्के पाणी असते. म्हणजे पहिल्या हिशेबात डिशमध्ये साडेसहाशे ग्रॅम पाणी आहे, दुसऱ्यात अकराशेहून अधिक, आणि वरचा चुरा दोन्हींकडे तेवढाच. एवढ्या पाण्याची वाफ एवढ्याशा चुऱ्यातून वर जाताना तो खालून ओला राहणारच.

यांतील कोणता हिशेब आजींचा होता, हे ओळखायला चिठ्ठीपेक्षा जुने भांडे अधिक उपयोगी पडते. ज्या डिशमध्ये हा पदार्थ होत असे ती घरात कोणाकडे असेल, तर तिच्यात मापाने पाणी ओतून ती किती मिलिलिटरची आहे ते पाहावे. सफरचंदाचे काप एका लिटर जागेत साडेचारशे ते पाचशे ग्रॅम बसतात. ७५० ग्रॅम काप आणि त्यांवरचा चुरा मिळून सुमारे दोन लिटरची डिश, म्हणजे २० सेंटिमीटर बाजूची व ५ सेंटिमीटर खोल चौकोनी डिश, बरोबर भरते. डिश तीन लिटरांची निघाली तर फळांचा अंदाज वाढवावा लागेल. पण १२५ ग्रॅम मैद्याचा चुरा एवढ्या मोठ्या डिशवर विरळ पसरेल, म्हणून ती शक्यता मला कमी वाटते. भांडे मिळाले नाही, तर सोललेल्या ७५० ग्रॅम फोडी धरून सुरुवात करावी.

वजनापेक्षाही महत्त्वाचा शब्द ‘आंबट’ हा आहे, आणि तोच तुमच्याकडून निसटला. सफरचंदाच्या पेशी एकमेकींना पेक्टिन या डिंकासारख्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. उष्णतेने हे पेक्टिन विरघळू लागले की पेशी सुट्या होतात आणि फोड मऊ पडते; ती नुसती मऊ पडते की तिचा पार लगदा होतो, हे जातीवर अवलंबून असते. ग्रॅनी स्मिथ, ब्रेबर्न, गोल्डन डिलिशस या जातींच्या फोडी भाजल्यावरही आकार धरून राहतात. मॅकिंटॉश लवकर विरघळते. इंग्लंडमधील ब्रॅम्ली ही खास शिजवण्यासाठीच वाढवली जाणारी, अत्यंत आंबट जात तर शिजल्यावर फुलून अक्षरशः फेसाळ लगदा होते, आणि ज्या घरांत ती वापरली जात असे त्या घरांत हाच लगदा त्या पदार्थाची खूण मानला जातो. लाल रेड डिलिशस कच्चे खायला ठीक आहे. ओव्हनमध्ये त्याला ना आंबटपणा राहतो ना अंग. म्हणून कोणते सफरचंद घ्यावे याचे उत्तर तुमच्या आठवणीत शोधावे लागेल. आजींच्या पदार्थात चमच्याला फोडी लागत होत्या, की फळ सॉससारखे एकजीव झालेले असे? फोडी लागत असतील तर ग्रॅनी स्मिथ घ्यावे, सॉस असेल तर विरघळणारी आंबट जात घ्यावी. दोन्ही थोडे थोडे आठवत असेल, तर दोन भाग टिकणारे आणि एक भाग विरघळणारे सफरचंद एकत्र करावे. मला स्वतःला हे तिसरे मिश्रण सर्वांत आवडते, कारण विरघळलेले फळच टिकलेल्या फोडींभोवती दाटपणा धरते आणि वेगळे काही घालावे लागत नाही.

आंबटपणा चवीसाठी तर लागतोच. सफरचंदाच्या आंबटपणामागे मुख्यतः मॅलिक आम्ल असते, आणि फळ जसे साठवणीत राहते तसे हे आम्ल घटत जाते, उरलेल्या स्टार्चची साखर होते आणि गरही सैल पडतो. शीतगृहात महिनोन्‌महिने राहिलेले सफरचंद दिसायला टवटवीत असले, तरी झाडावरून नुकत्याच उतरवलेल्या फळासारखे ते शिजत नाही. हंगामाबाहेर पदार्थ करायचा असेल किंवा फळ चाखून गुळमट लागले, तर ७५० ग्रॅम फोडींना एक मोठा चमचा लिंबाचा रस लावावा. अशा वेळी साखर कमी करणे हा पुरेसा उपाय ठरत नाही. आंबटपणा नसेल तर पदार्थ कमी गोड होतो, पण चवीला सपक राहतो.

फोडी सहा ते आठ मिलिमीटर जाडीच्या, शक्यतो एकसारख्या कापाव्यात. काळ्या पडू नयेत म्हणून त्या पाण्यात टाकून ठेवण्याची सवय अनेकांना असते, ती इथे सोडावी. कापलेल्या फळातील विकरे (एन्झाइम) हवेच्या संपर्काने त्याला तपकिरी करतात हे खरे. परंतु दालचिनी लावून पाऊण तास भाजायच्या फळाच्या रंगाची एवढी काळजी करण्याचे कारण नाही, आणि आधीच जास्त असलेल्या पाण्यात आपण होऊन भर घालणे तर मुळीच परवडणारे नाही. लिंबाच्या रसाने तेवढे काम भागते.

साखरेची विभागणी ही चिठ्ठीतील सर्वांत मोठी न लिहिलेली गोष्ट आहे. एक कप साखर, म्हणजे सुमारे २०० ग्रॅम, निम्मी फळाला आणि निम्मी चुऱ्याला, असे मी मानतो, आणि तुमच्या पदार्थाच्या लक्षणांवरून माझी खात्रीच झाली आहे. सगळी साखर गोड जातीच्या फोडींना लागल्यामुळे फळ बेसुमार गोड झाले. साखर फोडींतील पाणी बाहेर ओढते, त्यामुळे रसही अधिक सुटला. आणि चुऱ्यात साखरच नसल्यामुळे तो पिठूळ राहिला. चुऱ्यातील साखर केवळ गोडीसाठी नसते. ती भाजताना वितळते आणि थंड होताना कडक होते, चुऱ्याचा कुरकुरीतपणा बराचसा तिच्यामुळे येतो, आणि मैद्यातील ग्लुटेन (पिठाला चिवटपणा देणारे प्रथिन) व स्टार्च यांच्या वाटचे पाणी धरून ठेवून ती चुरा खुसखुशीत राखते. म्हणून साखर कमी करायची असेल, तर ती फळातून करावी, चुऱ्यातून करू नये. आंबट जातीच्या ७५० ग्रॅम फोडींना १०० ग्रॅम साखर योग्य होते, मध्यम गोड जातीला ५० ते ६० ग्रॅम पुरते.

सुटणाऱ्या रसाचे काय करावे, यावर मते वेगवेगळी आहेत. अनेकजण कॉर्नफ्लोअर घालतात. ते चुकीचे नाही, मात्र कॉर्नफ्लोअर पूर्ण दाट होण्यासाठी रस खदखदावा लागतो, आणि डिश आधीच बाहेर काढली तर पांढरट, कच्च्या चवीचे पातळ पाणी मिळते. मैदा वापरल्यास तो कॉर्नफ्लोअरच्या दुप्पट लागतो आणि रस गढूळ होतो. चिठ्ठीत यांपैकी काहीच नाही, आणि नसलेलेच बरे असे माझे मत आहे. मी फोडींना साखर, लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ लावून त्या पाऊण ते एक तास ठेवतो, सुटलेला रस चाळणीतून निथळून घेतो आणि लहान पातेल्यात तो एक-तृतीयांश उरेपर्यंत आटवतो. मग हा दाट पाक दालचिनीसह पुन्हा फोडींवर ओततो. यात बाहेरचे काही येत नाही. फळाचाच रस पातळ असतो तो दाट होतो, आणि त्याची चवही एकवटते. साखर लागलेल्या फोडी तासाभरात लवचीक होतात, त्यामुळे त्या डिशमध्ये दाटीने बसतात. हा फायदा वाटतो त्याहून मोठा आहे, कारण सफरचंदाच्या आकारमानाचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा हवेचा असतो. कच्च्या, ताठ फोडी भरल्या तर ती हवा आणि फोडींमधील पोकळी भाजताना निघून जाते, फळ खाली बसते आणि वरचा थर मध्येच खचतो.

फोडी फारच विरघळणाऱ्या मिळाल्या आणि तुम्हाला मात्र त्या अखंड हव्या असतील, तर आणखी एक युक्ती आहे. फोडींवर उकळते पाणी ओतून त्या झाकून दहा मिनिटे ठेवाव्यात आणि मग नीट निथळून, कोरड्या करून घ्याव्यात. ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान फळातीलच एक विकर पेक्टिनमध्ये असा बदल घडवते, की ते कॅल्शियमच्या साहाय्याने अधिक घट्ट होते आणि पुढच्या तीव्र उष्णतेत लवकर विरघळत नाही. थोडी चव पाण्यात जाते, म्हणून ही युक्ती मी गरजेपुरतीच वापरतो.

चुऱ्यासाठी १२५ ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ आणि ६० ग्रॅम बटर घ्यावे. बटर फ्रिजमधून काढलेले, थंड, लहान तुकडे केलेले असावे, आणि ते बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळावे, तळहाताने नव्हे, कारण तळहाताच्या उबेने ते पातळ होते. बटर वितळवून ओतल्यास मैदा ते शोषून घेतो आणि सर्वत्र सारखा ओला होतो. मग भाजताना त्याचा एकसंध, जड पापुद्रा बनतो. थंड बटर चोळल्यास काही पीठ स्निग्धतेने माखते, काही कोरडे राहते, आणि लहानमोठ्या गुठळ्या तयार होतात. या गुठळ्यांमधील मोकळ्या जागांतून वाफ बाहेर पडते, हे सर्वांत महत्त्वाचे. मिश्रण वाळूसारखे झाले आणि गुठळ्या होत नसतील, तर एक-दोन छोटे चमचे थंड पाणी शिंपडून काट्याने हलवावे आणि डिशवर घालण्यापूर्वी चुरा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा.

चुरा फळावर नुसता विखुरावा. तुम्ही तो दाबून बसवला, त्यामुळे वाफेला वाट उरली नाही आणि चुऱ्याचा खालचा भाग उकडल्यासारखा झाला. क्रम्बलमध्ये फळाला टेकलेला चुऱ्याचा पातळ थर रस शोषून मऊ होतोच, आणि काहींना, मलाही, तो फार आवडतो; परंतु मऊ होणे वेगळे आणि कच्चट राहणे वेगळे. तुम्हाला तोही नको असेल, तर चुरा आधी ट्रेवर पसरून १८० अंशांवर दहा-बारा मिनिटे नुसता भाजून घ्यावा आणि मग फळावर घालावा. चुऱ्यात ओट्स किंवा सुकामेवा घालण्याचा मोह पहिल्या वेळी टाळावा. चिठ्ठीत ते नाहीत, आणि मूळ चव सापडण्याआधी फेरफार केले तर नेमके काय हरवले ते कधीच कळत नाही.

‘मध्यम ओव्हन’ म्हणजे १७५ ते १९० अंश सेल्सिअस. थर्मोस्टॅट नसलेल्या ओव्हनचा ताव हात आत धरून, किंवा आत ठेवलेला कागद वा पीठ किती वेळात तांबूस होते ते पाहून ओळखला जात असे, आणि त्यावरून मंद, मध्यम व कडक असे शब्द रूढ झाले. मंद म्हणजे सुमारे १५० ते १६०, कडक म्हणजे २०० ते २३० अंश. ब्रिटिश चिठ्ठीवर ‘गॅस मार्क ४’, म्हणजे तिथल्या गॅस ओव्हनच्या बटणावरील आकडा, असे दिसले तर तेही १८० अंशच. पंख्याच्या ओव्हनमध्ये २० अंश कमी ठेवावेत. ओव्हनच्या बटणावरील आकड्यावर मात्र फारसा विश्वास ठेवू नये. आत ठेवायचा साधा थर्मामीटर घेतला, की पुष्कळ घरगुती ओव्हन सांगतात त्यापेक्षा बरेच वेगळे तापतात हे दिसून येते.

डिश मधल्या कप्प्याच्या एक घर खाली ठेवावी, म्हणजे फळाला खालून पुरेशी धग मिळते. काचेची किंवा चिनी मातीची डिश सावकाश तापते, पण एकदा तापली की उष्णता धरून ठेवते, तर पत्र्याचा ट्रे लवकर तापतो आणि लवकर निवतो; आजींची डिश कोणती होती यावर वेळेत पाच-दहा मिनिटांचा फरक पडू शकतो. वरील प्रमाणाला ४५ ते ५५ मिनिटे लागतात. वेळेपेक्षा ‘होईपर्यंत’ या शब्दावर अधिक भर द्यावा, आणि तो शब्द असा वाचावा : कडेने वर येणारे बुडबुडे आधी पातळ आणि झटपट फुटणारे असतात, ते दाट, चकचकीत आणि संथ झाले पाहिजेत, तसे बुडबुडे डिशच्या मध्यभागीही दिसले पाहिजेत, आणि मध्यावर खुपसलेली पातळ सुरी फोडीतून अडखळल्याशिवाय गेली पाहिजे. वरचा रंग ही खूण नव्हे. माथा तांबूस झाला म्हणून तुम्ही डिश बाहेर काढली असावी, असे वर्णनावरून वाटते. माथा लवकर रंगला तर वर फॉइल सैलसर ठेवावी आणि भाजणे चालू ठेवावे. घट्ट झाकली तर वाफ कोंडते.

मागील बाजूच्या केकविषयी थोडक्यात सांगतो. आंबट दूध हे पूर्वी न तापवलेले दूध आपोआप आंबून तयार होत असे. आजचे पाश्चराइज्ड दूध तसे आंबत नाही, ते नासते, म्हणून ते वापरू नये. त्याऐवजी ताक घ्यावे, किंवा एक कप दुधात एक मोठा चमचा लिंबाचा रस वा व्हिनेगर घालून दहा मिनिटांनी ते वापरावे. एक कप आंबट दुधाला अर्धा छोटा चमचा बेकिंग सोडा पुरतो. चिठ्ठीत पूर्ण चमचा लिहिला असेल तर तो थोडा कमी करून पाहावा, कारण आम्ल कमी आणि सोडा जास्त झाला की केकला साबणासारखी चव येते. साधे दूध आणि बेकिंग पावडर चालते, पाव चमचा सोड्याच्या जागी एक छोटा चमचा पावडर या हिशेबाने. केक फुलेल, मात्र आंबट दुधाचा मऊपणा आणि सोड्यामुळे येणारा गडद रंग मिळणार नाही. मी ताकच घेईन. कुठे ‘सॅलेरेटस’ असा शब्द दिसला तर तो सोड्याचाच जुना प्रकार समजावा, आणि ‘ओलिओ’ म्हणजे मार्गारिन.

या शेवटच्या शब्दावरून एक गोष्ट सुचवतो. सर्व काही नीट जमूनही चव आठवणीतल्यासारखी लागली नाही, तर स्निग्ध पदार्थ आणि दालचिनी या दोन गोष्टी तपासाव्यात. कित्येक घरांत चिठ्ठीवर बटर लिहिलेले असले, तरी प्रत्यक्षात मार्गारिन किंवा घट्ट वनस्पती तूप वापरले जाई. अशा तुपात पाणी नसते, बटरमध्ये मात्र सुमारे १६ टक्के असते, त्यामुळे तुपाचा चुरा अधिक ठिसूळ होतो. ६० ग्रॅम बटरच्या जागी ५० ग्रॅम तूप पुरते. दालचिनीचेही दोन प्रकार आहेत. सिलोन दालचिनी पातळ सालीची, सौम्य आणि किंचित फुलांच्या वासाची असते, तर कॅसिया जाड सालीची, तिखट आणि उग्र असते, आणि तयार पूड बऱ्याचदा कॅसियाची असते. आठवणीतील वास कोणता, हे दोन्ही हुंगून पाहिल्याशिवाय कळणार नाही. त्यातही घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला हुंगायला द्यावे, कारण नुसत्या वर्णनावरून कोणीही दालचिनीचा प्रकार सांगू शकत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि बदल चिठ्ठीवर न लिहिता वेगळ्या कागदावर ग्रॅममध्ये लिहावा.

बाहेर काढल्यावर डिश किमान वीस ते तीस मिनिटे तशीच राहू द्यावी. फळाचा रस निवताना दाट होतो आणि चुऱ्यातील वितळलेली साखर कडक होते, त्यामुळे ओव्हनमधून काढताक्षणी वाढलेला क्रम्बल नीट भाजलेला असूनही पातळ वाटतो. उरलेला भाग फ्रिजमध्ये तीन दिवस चांगला राहतो, पण तिथे चुरा मऊ पडतो. मायक्रोवेव्हमध्ये तो अधिकच ओलसर होतो. १६० अंशांच्या ओव्हनमध्ये न झाकता पंधरा मिनिटे ठेवल्यास त्याचा कुरकुरीतपणा बराचसा परत येतो.